साठ तासांतली वीस मिनिटं: चेनज्यागोउचं ताई ची शिबिर आणि एक प्रश्न

सांजवारा (धागाकर्ती)

परवा टेकडीवरच्या आमच्या सकाळच्या ताई चीच्या (संथ हालचालींची चिनी युद्धकला) ग्रुपात विषय निघाला. पुढच्या हिवाळ्यात कुणी चिनी गुरुजी भारतात येणार आहेत, पाच दिवसांचं निवासी शिबिर, रोज सात तास. जायचं का? सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण 'चीनला जाऊन आलेली' मी एकटीच. मला धड हो म्हणता येईना आणि नाही तर अजिबातच म्हणवेना. म्हणून हा धागा.

आधी ओळख. वय ५६, पुणे, ताई ची करायला लागून अकरा वर्षं झाली. (घरी दर दिवाळीला "ताईची? मग माईची कुठंय?" हा विनोद होतो. इथे कुणाला करायचा असेल तर आत्ताच उरकून घ्या.) २०१८च्या ऑक्टोबरमध्ये मी चेनज्यागोउला दहा दिवसांच्या शिबिराला गेले होते. चिनी उच्चार जमतील तसे लिहितेय, जाणकारांनी सुधारावेत.

चेनज्यागोउ म्हणजे हनान प्रांतातल्या वेन तालुक्यातलं एक खेडं. पीत नदीच्या उत्तरेला, सपाट शेतीचा मुलूख. मोठं शहर म्हणजे चंगचौ, तिथून गाडीने पुढे. सतराव्या शतकात चेन वांगतिंग नावाच्या योद्ध्याने इथे जी पद्धत बसवली, तिच्यातून पुढे यांग, वू, सुन वगैरे घराणी निघाली असं मानतात. माझ्या डोक्यात धुकं, डोंगर, देवळाच्या पायऱ्या असं काहीतरी होतं. प्रत्यक्षात डांबरी रस्ता, आणि त्याच्या अर्ध्या रुंदीवर मैलभर मका वाळत घातलेला. आपल्याकडे ज्वारी-बाजरी घालतात तस्साच. एकदम सांगली-साताऱ्याकडं आल्यासारखं वाटलं. गावात कुस्तीच्या वसतिगृहासारख्या मोठमोठ्या शाळा. पहाटे साडेपाचला शेकडो पोरांचे पाय एकदम आपटल्याचा आवाज, हाच गजर.

आम्ही चोवीस जण. आठ भारतातले, बाकी युरोपातले आणि दोन ब्राझीलचे. सकाळी तीन तास, दुपारी तीन तास. पहिला तास नुसतं उभं राहायचं. झाडाला मिठी मारल्यासारखे हात, गुडघे किंचित वाकलेले, बस्स. यालाच 'झान झुआंग' म्हणतात, खांबासारखं उभं राहणं. मग चान्सगोंग, म्हणजे रेशीम गुंडाळल्यासारखे हाताचे फेरे. आणि मग 'लाओज्या यीलू' या जुन्या, सत्तरहून जास्त हालचालींच्या मालिकेतलं थोडंसं. थोडंसं म्हणजे खरंच थोडंसं. पहिल्या हालचालीचं नाव 'जिनगांग ताओ तुई'. जिनगांग म्हणजे आपला वज्रधर आणि ताओ तुई म्हणजे उखळात कांडणं. शेवटी उजवा पाय आपटतो आणि उजवी मूठ डाव्या तळव्याच्या उखळात पडते. या एका कांडणावर आम्ही अडीच दिवस काढले.

आता मुद्द्याचं. गुरुजी ओळीतून फिरायचे आणि एकेकाला हाताने दुरुस्त करायचे. माझ्या मागे आले, एक हात कमरेच्या खाली माकडहाडावर, दुसरा छातीच्या मधोमध. दोन्ही हात जरासे खाली सरकवले. दाबले नाहीत, खूण केल्यासारखं. आणि माझ्या दोन्ही मांड्यांत जाळ झाला. त्याआधी चार वर्षं मी ज्याला 'उभं राहणं' समजत होते ते कमरेवर रेललेलं होतं, हे त्या दोन सेकंदांत कळलं. ते फक्त "सोंग" म्हणाले आणि पुढे गेले. सोंग म्हणजे सैल सोड. पण मराठी कानाला जे ऐकू आलं तेही काही चूक नव्हतं. मी सोंगच करत होते.

पुढच्या फेरीपर्यंत ती जागा हरवायची. मग पुन्हा हात, पुन्हा जाळ.

शेवटच्या रात्री मी बसून हिशोब केला. साठ तासांचे पैसे भरले. त्यात गुरुजींचा हात माझ्या अंगाला लागला तो दिवसाला जेमतेम दोन मिनिटं, म्हणजे एकूण वीस. विमान, व्हिसा, राहणं, शिकवणी धरून खर्च सव्वा लाखाच्या आसपास. मिनिटाला सहा हजारांच्या वर. आणि तरीही मला ते महाग वाटलं नाही, ही खरी पंचाईत.

तर प्रश्न असा: अशा शिबिरांना जाण्यात अर्थ आहे का, कुणी जावं, आणि त्या वीस मिनिटांसाठी उरलेले तास आणि पैसे घालवणं तुम्हाला पटतं का?

गवतीचहा

मस्त लिहिलंयस. सोंग वाचून फुटले. शाकाहारी जेवणाचं काय केलंस? आणि गुडघे?

सांजवारा

"वो बू छ्र रोउ", मी मांस खात नाही, हे वाक्य विमानातच पाठ केलं होतं. वाफवलेले पाव, नूडल्स, बाजरीच्या कुळातल्या धान्याची पेज, आणि वेन तालुक्याचा तो प्रसिद्ध कंद, 'लोखंडी दांडा' म्हणतात त्याला. आपल्या कोनफळाचा चुलतभाऊ, पण पांढरा आणि काठीसारखा बारीक-लांब. उकडून साल काढायची आणि साखर लावून खायचा. दहा दिवसांत मी तो किती खाल्ला असेन याचा हिशोब मात्र केला नाही.

गुडघ्यांवर वेगळं लिहिते. तिथे रामायण आहे.

तालीमबाज

कोल्हापूरकर. लहानपण लाल मातीत गेलं, आता फक्त पोट राहिलंय.

ताई, एक विचारू? दहा दिवसांत कोण पहिलवान झालाय? तालमीत पोरगं आलं की वस्ताद पहिले सहा महिने त्याला माती उकरायला लावायचा, जोर-बैठका आणि थोरल्यांचं अंग रगडणं. डावाचं नाव नाही. पण वस्तादाचा डोळा रोज पोराच्या अंगावर असायचा. बैठकीत टाच उचलली की पोटरीवर फटका. रोज. तुमचे गुरुजी माकडहाडाला हात लावून पुढं गेले, ते बरोबरच केलं. पण अकराव्या दिवशी कोण लावणार?

बाकी ते एकमेकांचे हात धरून ढकलाढकली करतात, ते काय असतं? व्हिडिओत बघितलं, मला तर ते कुस्तीत कस काढतात तसं वाटलं. समोरच्याचा तोल कुठं आहे ते हातानं चाचपायचं.

सांजवारा

तालीमबाज, अगदी तेच. त्याला 'तुई शौ' म्हणतात, ढकलते हात. आणि चेन घराण्यात ते अजूनही कुस्तीच्या बरंच जवळ आहे, पाय अडकवणं, पाडणं सगळं चालतं. तिथल्या सोळा वर्षांच्या एका पोराबरोबर मला उभं केलं होतं. मी जोर लावला की तो तिथे नसायचा, जोर काढला की मी भिंतीला. कपाळावर त्याच्या घामाचा थेंबसुद्धा नाही.

अकराव्या दिवसाचं तुमचं बरोबर आहे. तोच माझा खरा प्रश्न आहे.

राईनकाठ

जर्मनीत राहतो, नऊ वर्षं चेन ताई ची. इथे सगळा कारभारच शनिवार-रविवारच्या शिबिरांवर चालतो. मोठे चिनी शिक्षक वर्षातून एकदा-दोनदा येतात, एखाद्या शाळेचा जिम भाड्याने घेतात, पन्नास-साठ लोक जमतात.

माझा सगळ्यात मूर्खपणाचा किस्सा: तिसऱ्या वर्षी मी दोन दिवसांत तलवारीची अख्खी मालिका 'शिकलो'. एकोणपन्नास हालचाली. रविवारी संध्याकाळी सगळ्यांबरोबर करताना येत होती, कारण पुढचा माणूस दिसत होता. सोमवारी स्वयंपाकघरात लाटणं घेऊन करून बघितली तर निम्मी आली. बुधवारी सुरुवात आणि शेवट उरला. आता फक्त तलवार उरलीय, कपाटावर.

मग आमच्या इथल्या जुन्या विद्यार्थिनीने कानमंत्र दिला. तुला आधीच येणारी मालिका जिथे शिकवणार असतील त्याच शिबिराला जा. नवीन मालिका शिकायला कधीच जाऊ नकोस. तेव्हापासून एकच यीलू घेऊन दरवर्षी जातो. लोकांना वाटतं हा नापास होऊन त्याच वर्गात बसतो. पण पायरी पाठ असली की डोकं मोकळं असतं, आणि मग गुरुजींनी हात लावला की तो लागतो. वीस मिनिटं सगळ्यांनाच मिळतात, पण घ्यायला हात रिकामे लागतात.

शंकासूर

लेख छान, पण विरजण घालायला मी आहेच.

एक, मांडीत जाळ झाला म्हणजे मांडीच्या स्नायूंवर ताण आला. हे आमचा सोसायटीतला जिमवाला भिंतीला टेकून बसवतो तेव्हाही होतं, महिना हजार रुपयांत.

दोन, २०१७ साली चेंगदूमध्ये शू श्याओदोंग नावाच्या एमएमएवाल्याने (मिश्र मार्शल आर्ट लढणाऱ्याने) वेइ लेइ नावाच्या ताई ची 'मास्तर'ला वीस सेकंदांच्या आत लोळवलं. सगळ्या जगाने ते बघितलं. ताई चीवाले जिच्या गोष्टी सांगतात ती आतली ऊर्जा त्या वेळी कुठे गेली होती?

तीन, ताई चीला 'अंतर्गत' कला म्हणतात, म्हणजे नक्की काय? बाकीच्या काय बाहेरून करतात?

हलके घ्या.

जुनीपोथी

शंकासूर, तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला वाटतंय त्यापेक्षा रंजक आहे.

'नैज्या', म्हणजे आतलं घराणं, हा शब्द १६६९ साली हुआंग चोंगशी या विद्वानाने वांग चंगनान नावाच्या योद्ध्याच्या समाधिलेखात वापरला. शाओलिन या बौद्ध मठाचं घराणं बाहेरचं आणि हे आतलं, अशी जोडी. हुआंग हा आधीच्या मिंग राजवटीचा निष्ठावंत आणि सत्तेवर होते बाहेरून आलेले मांचू. शाओलिनचा बौद्ध धर्म 'बाहेरून' आलेला आणि ताओ मत 'आतलं', म्हणजे देशी. त्यामुळे आतलं-बाहेरचं हे स्नायू आणि ऊर्जेपेक्षा देशी-परकी असं राजकीय बोलणं होतं असं बरेच अभ्यासक मानतात. बरं, त्या लेखातल्या कलेचा आजच्या ताई चीशी धागा जुळतो असा पुरावा नाही. आज आपण ताई ची, बाग्वा आणि शिंगयी या तीन चिनी युद्धकलांना एकत्र 'अंतर्गत' म्हणतो त्यात सुन लुतांग (१८६० ते १९३३) यांचा मोठा हात. ते तिन्हीत पारंगत होते आणि १९१५ पासून त्यांनी एकेका कलेवर पुस्तकं छापली.

वुतांग पर्वतावरच्या चांग सानफंग साधूने साप आणि पक्ष्याची झुंज बघून ताई ची निर्माण केली, ही गोष्टही शिबिरांच्या पत्रकांवर असते. गोष्ट म्हणून गोड आहे. १९३०च्या दशकात थांग हाओ नावाचा संशोधक स्वतः चेनज्यागोउला गेला, वंशावळ्या तपासल्या आणि चेन वांगतिंगवर बोट ठेवलं. साधूभक्तांना ते अजून पचलेलं नाही.

आता मूळ प्रश्न. तालीमबाज म्हणतात तसं गुरूच्या दारात वर्षानुवर्षं राहणं हीच जुनी रीत, हे खरं. यांग लुचान (१७९९ ते १८७२) परगावचा, तो चेनज्यागोउच्या चेन छांगशिंगकडे राहून शिकला आणि मग बीजिंगला जाऊन त्याने ही कला दरबारी लोकांत नेली. परंपरा तर अठरा वर्षं सांगते. पण अधूनमधून येणाऱ्या गुरूचं शिबिर हे काही पर्यटन कंपन्यांनी काढलेलं खूळ नाही. १९५८ साली चेन घराण्यातले चेन चाओपी निवृत्त होऊन चेनज्यागोउला परतले तेव्हा गावात ही कला जवळपास विझत आली होती. त्यांनी पोरं जमवून शिकवायला सुरुवात केली आणि जुन्या परंपरांवर घाला घालणाऱ्या सांस्कृतिक क्रांतीच्या काळातही ते थांबले नाहीत. १९७२ साली ते वारले. मग गावाने बीजिंगहून त्याच घराण्यातल्या चेन चाओख्वी यांना बोलावलं. ते कायमचे राहिले नाहीत, सत्तरच्या दशकात अधूनमधून यायचे, काही महिने शिकवायचे आणि परत जायचे. मधल्या काळात ती पोरं आपापली घोकत बसायची. त्या पोरांतूनच चेन श्याओवांग, चेन चंगलेई, वांग शीआन आणि चू थ्येनचाय हे चौघे निघाले. पुढे जगभर शिबिरं घेत फिरले ते हेच. त्यांची स्वतःची घडण अर्धी शिबिरातलीच आहे.

शंकासूर

हे आवडलं. म्हणजे 'आतलं' हा शब्द निवडणुकीतला निघाला. पण चेंगदूचं उत्तर कुणी देत नाहीये.

सांजवारा

मी देते. लढायचं असेल तर माझ्यासारखीकडे येऊ नका, आणि दहा दिवसांच्या शिबिरालाही जाऊ नका. रोज कुणाकडून तरी ठोसे खाल्ल्याशिवाय लढता येत नाही, मग नाव काहीही असो. आमच्या गुरुजींना एका इटालियन पोराने हाच प्रश्न विचारला होता. दुभाष्याने सांगितलेलं उत्तर: "जो लढला तो हरला. मी तिथे नव्हतो." आणि लगेच "चला, उभे राहा." काय समजायचं ते समजा.

जुनीपोथी

पुरवणी: १९५४ साली मकाऊमध्ये वू घराण्याचे वू गोंगयी आणि श्वेत बगळा पद्धतीचे छान हाकफू यांची जाहीर लढत झाली होती. हाँगकाँगच्या आगीतल्या निर्वासितांच्या मदतीसाठी. तिचं चित्रीकरण आहे. दोघांपैकी कुणालाच विजयी ठरवलं नाही. बघून मला तरी गल्लीतलं भांडण आठवलं. म्हणजे हा वाद चेंगदूच्या आधीचा आहे.

हाडवैद्य

पेशाने फिजिओथेरपिस्ट, मुंबई. गुडघ्यांचं रामायण येण्याआधी माझं पारायण.

गुडघा हा मुख्यतः बिजागरी. वाकतो, सरळ होतो, पिळ फारच थोडा सहन करतो. पिळायची सोय खुब्यात आहे. ताई ची शिकणारे पन्नाशीतले लोक माझ्याकडे येतात त्यात एकच चूक दिसते: पाऊल जमिनीत घट्ट, वजन त्याच पायावर, आणि वळायचं खुब्यातून ते न जमल्यामुळे गुडघा आत घसरतो. आठवड्याला तीन तास करणाऱ्याला ही चूक भोवायला वर्ष लागतं. रोज सहा तास करणाऱ्याला चार दिवस.

आणि शंकासूर, ताई चीवर चांगले प्रयोग झालेत, ऊर्जा बाजूला ठेवू. २०१२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये पार्किन्सनच्या १९५ रुग्णांचा अभ्यास आला. ताई ची, वजनांचे व्यायाम आणि नुसतं ताणणं असे तीन गट. तोल सावरण्यात ताई चीचा गट दोघांच्या पुढे होता. २०१६ साली गुडघ्याच्या संधिवातावर २०४ लोकांचा अभ्यास झाला, त्यात ताई ची आमच्या फिजिओथेरपीच्या बरोबरीने उतरलं. (माझ्या पोटावर पाय, पण खरं ते खरं.) मात्र दोन्हीकडे लोक आठवड्याला दोनदा येत होते. पहिल्यात चोवीस आठवडे, दुसऱ्यात बारा. दिवसाला सात तास असं कुणीच केलेलं नाही. तब्येतीसाठी जाणाऱ्याने शिबिराचे पैसे वाचवून घराजवळच्या वर्गाची वर्षभराची फी भरावी.

सांजवारा

हाडवैद्य, तुम्ही तिथे हवे होतात.

आमच्यातला एक जण, वय चाळिशीचं, धावपटू, तब्येतीने खणखणीत. त्याला सगळ्यात खाली बसायचं असायचं. तिथली पोरं जमिनीला टेकतात ना, तसं. गुरुजींनी दोनदा बगलेत हात घालून वर उचलला. ते पुढे गेले की हा पुन्हा खाली. चौथ्या दिवशी दुपारी गुडघा नारळाएवढा सुजला. उरलेले सहा दिवस बाकावर बसून त्याने आमचे फोटो काढले. फोटो चांगले आलेत.

मलाही दुसऱ्या दिवशी आतल्या बाजूला टोचायला लागलं होतं. एक मावशी तिथे झाडलोट करायच्या. त्यांनी मला रेशीम-फेरे घालताना बघितलं, झाडू भिंतीला टेकवला, जवळ आल्या आणि माझ्या जांघेच्या घडीत चार बोटं रोवून "ख्वा! ख्वा!" म्हणाल्या. ख्वा म्हणजे जांघेचा सांधा, तिथून वळ. बोटं चिमटीत धरली गेली तर बरोबर, नाही गेली तर चूक. इतकी साधी परीक्षा. दुभाष्या नंतर म्हणाला, त्या गावातल्याच, लहानपणी शिकलेल्या. मी अजूनही रोज स्वतःच्या जांघेत बोटं घालून बघते. टेकडीवर लोक बघतात, बघू देत. त्या मावशींचं अर्धं मिनिट मी वरच्या वीस मिनिटांत धरलेलं नाही.

वर्तुळ

सिंगापूरहून. मी बाग्वाझांगवाला, म्हणजे गोल गोल चालणारा. तुंग हायछुआन (मृत्यू १८८२) यांनी बीजिंगमध्ये ही पद्धत रुजवली. त्यात उभं राहायचं नाही, चालायचं. एका वर्तुळावर, कंबर आत वळवून, चिखलातून चालल्यासारखी पावलं. पाऊल उचलायचं नाही, सरकवायचं. आजोळी मालवणकडे भाताच्या खाचरात लावणीला उतरायचो तेव्हा असंच चालायचो, म्हणून मला पहिल्या दिवशी जमलं. शिक्षक चकित. त्यांना काय सांगू?

बीजिंगच्या थ्येनथान बागेत पाच दिवस शिकायला गेलो होतो. सुरू-देवदारासारखी जुनी झाडं आहेत तिथे, आणि काही झाडांभोवती जमीन चालून चालून गोल घासलेली दिसते. पाच दिवस मी फक्त चाललो. पाच दिवसांत शिक्षकाने एक 'तळवा बदलणं', म्हणजे वर्तुळावर दिशा पालटताना हात बदलणं शिकवलं, आठांपैकी पहिलं. शेवटच्या दिवशी मी जरा कुरकुर केली, की बाकीचे सात? तर म्हणाले, पुढच्या वेळी. तेव्हा राग आला होता. राईनकाठ यांची तलवार वाचली आणि गेला.

पण एक सांगतो. परतल्यावर पहिल्या आठवड्यात मी रोज तासभर चाललो. मग पाऊणतास. मग पाऊस. सिंगापुरात पाऊस कधी नसतो? इमारतीखालच्या मोकळ्या मजल्यावर चालायला लागलो तर शेजारच्या आजीबाईंनी विचारलं, काही हरवलंय का?

गवतीचहा

हरवलंय का 😂 खपले.

पाटीपेन्सिल

मी वाचक, पण आता राहवत नाही. दोन वर्षांपूर्वी आपल्याकडच्याच एका थंड हवेच्या ठिकाणी तीन दिवसांचं 'सघन' शिबिर केलं. नाव घेत नाही. पहिल्या दिवशी चोवीस हालचालींची मालिका, दुसऱ्या दिवशी पंखा, तिसऱ्या दिवशी तलवार आणि संध्याकाळी प्रमाणपत्र. प्रमाणपत्रावर काय होतं? 'प्रशिक्षक, पातळी एक'. मी! जिला डावं-उजवं कळायला घड्याळ बघावं लागतं. आमच्यातल्या दोघांनी खरंच पुढच्या महिन्यात वर्ग सुरू केले आणि फीसुद्धा घेतात. माझं प्रमाणपत्र भिंतीवर आहे, कारण तिथे ओल आली होती.

तिन्ही दिवसांत हात किती वेळा लावला? शून्य. पुढे उभं राहून करून दाखवायचे, मागे साउंड सिस्टिमवर बासरी.

जुनीपोथी

ती चोवीस हालचालींची मालिका १९५६ साली चीनच्या क्रीडा खात्याने मुद्दाम सोपी आणि आटोपशीर करून बसवली, यांग पद्धतीवरून. लाखो लोकांना सकाळी बागेत करता यावी म्हणून. त्यामुळे ती तीन दिवसांत 'येते' हे खोटं नाही, ती बनवलीच तशी आहे. प्रशिक्षक मात्र त्यात येत नाही.

तालीमबाज

पाटीपेन्सिलताई, आमच्याकडं असला कागद घेऊन कुणी आखाड्यात आला असता तर वस्तादानं कागद बाजूला ठेवून त्यालाच मातीत लोळवला असता. तेच प्रमाणपत्र.

सांजवाराताई, तुमचं सगळं वाचून माझं मत थोडं हललं बरं का. तुम्ही चार वर्षं घासून मग गेलात. वस्तादाचा फटका कळायला आधी चार महिने चुकीच्या बैठका माराव्या लागतात. कोरं पोरगं गेलं तर त्याला फटका लागला तरी कशाचा ते कळणार नाही. तुमच्या ग्रुपातलं कोण कोण जाणार आहे?

सांजवारा

हाच प्रश्न मी आज सकाळी ग्रुपला विचारला.

नऊ जण इच्छुक. त्यातले पाच या जूनपासून यायला लागलेले, अजून 'जिनगांग'चा पाय कुठला आपटायचा यावर वाद घालतात. त्यांना मी नको म्हटलं. दोघींना गुडघेदुखी, त्यांना हाडवैद्यांचा प्रतिसाद वाचून दाखवला. एक रुसली. उरलेले दोघं सहा-सात वर्षं करतायत, रोज पंचवीस मिनिटं उभे राहतात, मालिका झोपेतसुद्धा करतील. ते जातायत. आयोजकांना फोन करून विचारायला सांगितलं की किती जण घेणार आणि गुरुजी स्वतः हात लावतात की साहाय्यक. उत्तर आलं, "मर्यादित जागा". म्हणजे किती, असं पुन्हा विचारल्यावर "साठ". शिक्षक एकच. मग त्या दोघांनी आणि मी मिळून हिशोब केला. सात तासांतले चार जरी ते फिरत राहिले तरी माणशी दिवसाला चार मिनिटं, प्रत्यक्षात त्याची निम्मी. पाच दिवसांचे दहा धरा.

शंकासूर

आणि तू?

सांजवारा

मी बहुतेक पुन्हा चेनज्यागोउ, पुढच्या ऑक्टोबरात. इथल्या शिबिरापेक्षा महाग पडेल, माहितीये. पण सात वर्षांपूर्वीची ती खूण आता पुसट झालीय. परवा उभी राहिले तर मांड्या गप्प. आरामात उभी होते. आरामात उभं राहता येतंय म्हणजे काहीतरी पुन्हा कमरेवर आलंय, पण कुठे ते मला एकटीला सापडत नाहीये.

वर्तुळ

बुटांचं सांगा. मला पुढच्या महिन्यात उभं राहायला सुरुवात करायचीय. जाड तळव्याचे पळायचे बूट आहेत, चालतील?

सांजवारा

नको. टाच उंच असते, अंग पुढे ढकललं जातं. तिथली पोरं पातळ रबरी तळव्याचे कापडी बूट घालतात. आपले शाळेतले पीटीचे पांढरे बूट तसेच असतात, पुण्यात मला अप्पा बळवंत चौकाच्या आसपास मिळाले. एक नंबर मोठा घ्या, बोटं पसरायला जागा लागते.